सुभेदार रामजी सकपाळ : निकालापलीकडे पाहणारा पिता

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्राचे वाचन आपल्या घराघरांत होते. त्या चरित्राच्या आरंभीच्या पानांवर सुभेदार रामजी सकपाळ आपल्याला भेटतात आणि 1913 सालापाशी आपला निरोप घेतात. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या, महाडचे चवदार तळे, गोलमेज परिषद, भारताचे संविधान, नागपूरची दीक्षाभूमी, यांतले काहीही त्या पित्याला पाहावयास मिळाले नाही. त्यांनी पाहिला तो शाळेत जाणारा भिवा, त्याचे अभ्यास, त्याच्या परीक्षा आणि अखेरीस त्याची बी. ए. ची पदवी. थोर पुत्राचा अभिमान जगाला वाटतो. रामजीबाबांच्या वाट्याला आला तो केवळ एका विद्यार्थ्याचा अभिमान. तो त्यांनी कसा बाळगला, हे निवासी शाळेच्या या स्मरणिकेत सांगणे उचित होईल.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आंबडवे हे सकपाळ घराण्याचे मूळ गाव. रामजींचे वडील मालोजी लष्करात होते आणि रामजींनीही तीच वाट धरली. पत्नी भीमाई या मुरबाडकर घराण्यातल्या. ते घराणेही लष्करी पेशाचे. गावगाड्याने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या हाती सैन्याच्या निमित्ताने बंदूक आली आणि तिच्याबरोबर पाटी-पेन्सिलही आली. त्या काळी लष्करातील हिंदी सैनिकांच्या मुलांसाठी छावणीत शाळा चालत. रामजींनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे लष्करी शाळेत 14 वर्षे मुख्याध्यापक म्हणून काम केले. सुभेदार ही त्यांची पदवी आपल्या तोंडी रुळली आहे. पण वृत्तीने ते आयुष्यभर शिक्षकच राहिले. आपल्या घरातील मुलीबाळींनाही अक्षरओळख असावी, हा त्यांचा कटाक्ष याच वृत्तीतून आला.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथील छावणीत त्यांना चौदावे अपत्य झाले. तोच भीम. चौदा अपत्यांपैकी पाचच जगली : बाळाराम, आनंदराव, भीमराव आणि मंजुळा व तुळसा या दोन मुली. सेवानिवृत्तीनंतर रामजी काही काळ कोकणात दापोलीस राहिले व पुढे साताऱ्यास आले. तेथे 1896 साली भीमाईंचे निधन झाले. भीम त्या वेळी पाच वर्षांचा होता. रामजींची बहीण मीराबाई यांनी मुलांचा सांभाळ केला. आत्याच्या मायेने घर उभे राहिले; अभ्यासाची शिस्त मात्र पित्याने आपल्याकडे ठेवली.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिल्या इयत्तेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासन 2017 पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. शाळेचे दार उघडले, पण वर्गातील जागा उघडली नाही. घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावयाचे, शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागवावयाची, आणि शिपाई नसेल तर तहानलेलेच राहावयाचे. स्वतः मुख्याध्यापक राहिलेल्या पित्याला हे माहीत नव्हते असे नाही. तरीही त्यांनी मुलाला शाळेतून काढले नाही. अपमान सोसूनही शाळा सोडावयाची नाही, हा त्या घराचा नियम होता.

भिवाचा अभ्यास आरंभापासून उत्तम होता, असा आपला समज असतो. वास्तव तसे नव्हते. पिता दुष्काळी कामावर रोखपाल म्हणून खटाव तालुक्यात, मुले साताऱ्यात. अशा काळात भिवाचे लक्ष पुस्तकांवरून उडाले होते. कधी बागकामाचा छंद लागे, कधी गुरेशेळ्या राखण्याचा. पुढे पित्याने दुसरा विवाह केला, तो या मुलाला रुचला नाही. आपण मुंबईस जाऊन गिरणीत काम करावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असे त्याने मनाशी ठरविले. प्रवासखर्चासाठी आत्याची पैशांची पिशवी हाती केली, तर तिच्यात अर्धा आणा निघाला! त्या क्षणी आपल्याच वर्तनाची त्याला लाज वाटली आणि अभ्यास करूनच स्वतंत्र व्हावयाचे, हा निश्चय झाला. चरित्रकार सांगतात की त्यानंतर शिक्षकांचे मत पालटले. ज्यांना या मुलाकडून फारशी आशा नव्हती, त्यांनीच याला शक्य तेवढे उत्तम शिक्षण द्यावे, असे वडिलांना सुचविले. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रगतिपुस्तकावरील हा पहिला चांगला शेरा. रामजींनी तो ऐकून घेतला आणि मुलांसह मुंबईची वाट धरली.

परळच्या डबक चाळीतील एका खोलीत हे कुटुंब राहू लागले. भिवाचे नाव एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले गेले. स्वयंपाक, झोप, पाहुणे आणि अभ्यास, सर्वांना जागा तेवढीच. गर्दी आणि गलबला यांतून अभ्यासाला वेळ काढावा कसा? रामजींनी शिक्षकाच्या हिशेबाने उपाय काढला. मुलाने रात्री लवकर निजावे. स्वतः दोन वाजेपर्यंत जागे राहावे. दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवावे आणि मग आपण पाठ टेकावी. चाळ निजलेली असताना एका दिव्याच्या उजेडात तो विद्यार्थी वाचत असे. त्याआधी घरातच हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला पित्याने त्याच्याकडून पक्की करून घेतली होती. पुढे सहज वाटणाऱ्या त्या इंग्रजीचा पाया असा या घरात भरला गेला.

मुलाची वाचनाची भूक मात्र पाठ्यपुस्तकांनी भागेना. त्याला नवनवी पुस्तके हवी असत, आणि पित्याच्या खिशात निवृत्तिवेतनाखेरीज काही नसे. तेव्हा रामजी धाकट्या विवाहित लेकीच्या घरी जात आणि उसने पैसे मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जात, तिचा एखादा दागिना घेऊन सावकाराकडे गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की तो सोडवून परत करीत. ज्या समाजात बाप लेकीच्या दारी मागावयास जाणे हेच कमीपणाचे, तेथे सुभेदाराने हा कमीपणा पुस्तकासाठी पत्करला. दोन मुलांचे शिक्षण झेपेना, तेव्हा आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली. बाबासाहेबांच्या विद्येमागे एका भावाची सुटलेली शाळा आणि दोन बहिणींचे गहाण दागिने आहेत, हे आपण विसरता कामा नये.

अशा कष्टांतून भिवा इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाला. इतर समाजांच्या मानाने ही गोष्ट फार मोठी नव्हती. परंतु आपल्या समाजातला एक मुलगा या पायरीपर्यंत प्रथमच पोचला, म्हणून वस्तीतल्या मंडळींना आनंद झाला आणि जाहीर सभा भरवून त्याचे अभिनंदन करावे, असे त्यांनी ठरविले. परवानगीसाठी ते रामजींकडे आले. रामजींनी साफ नकार दिला. मुलाच्या डोक्यात हवा जाईल. त्याने एक परीक्षा दिली आहे, याहून अधिक काही केलेले नाही, असे त्यांचे म्हणणे.

हा नकार नीट समजून घेतला पाहिजे. ज्याने रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा लावला नाही, त्याला निकालाचा आनंद झाला नसेल काय? पण तो आनंद त्याने पुढल्या इयत्तेच्या तयारीत घातला होता. मिरवणुकीत खर्च करावा, अशी त्याची वृत्ती नव्हती. चौथी ही वाटेवरची खूण आहे, मुक्काम नव्हे, हे त्या निवृत्त मुख्याध्यापकाला चांगले ठाऊक होते.

मंडळी हिरमुसली, पण मागे हटली नाहीत. ती कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेली. केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कुलात शिक्षक होते, ग्रंथकार होते आणि रामजींचे स्नेही होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचीत बसणारा भिवा त्यांच्या परिचयाचा होता. त्यांनी मध्यस्थी केली, थोडा वाद घातला आणि रामजी नमले. सभा झाली. केळुसकर अध्यक्षस्थानी होते. भाषण संपल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेल्या, 1898 साली प्रसिद्ध झालेल्या गौतम बुद्धाच्या चरित्राची प्रत त्या मुलाच्या हाती ठेवली. ते पुस्तक वाचून भीम भारावून गेला. आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः नोंदविला आहे. बौद्ध धम्माकडे आपले मन वळण्याचा आरंभ ते याच भेटीपासून सांगतात. पित्याचा संयम योग्य होता; समाजाचा आग्रहही योग्य होता. एका मुलाचे यश हे एकट्या घराचे नसते, हे मंडळींनी रामजींना दाखविले, आणि रामजींनीही ते अखेरीस मानले.

त्या पुस्तकाने घरात एक प्रश्नही आणला. रामजी कबीरपंथी, धार्मिक आणि शिस्तीचे कडक होते. मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन ते नित्य करवून घेत. बुद्धचरित्र वाचलेल्या भीमाने विचारले की ज्या ग्रंथांत शूद्र-अस्पृश्यांना हीन लेखले आहे, ते आम्ही का वाचावेत? प्रथम पित्याने दटावले. भीमाने काही दिवसांनी पुन्हा विचारले. तेव्हा मात्र रामजींनी उत्तर दिले. अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्यासारखी साध्या स्थितीतली माणसे किती उंचीला पोचली हे त्यांनी जाणावे, असा आपला हेतू असल्याचे त्यांनी सांगितले. मुलाला त्यात तथ्य वाटले, समाधान मात्र झाले नाही. पित्याने आपले म्हणणे मांडले; पुत्राने आपली शंका राखली. अशा घरातच स्वतंत्र बुद्धी वाढते.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण मिळाले 750 पैकी 282. केवळ आकडा पाहणाऱ्याला त्यात विशेष दिसणार नाही. गोणपाटावर बसून, संस्कृत शिकण्यास मज्जाव झाल्यामुळे फारसी घेऊन, एका खोलीत मध्यरात्री जागून मिळविलेले ते गुण होते. त्यांचे मोल रामजींना कळले आणि त्यांनी मुलाला एल्फिन्स्टन महाविद्यालयात पाठविले. पुढे खर्च झेपेनासा झाला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी भीमरावांना सयाजीराव महाराजांच्या भेटीस नेले आणि बडोदे संस्थानची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या बळावर भीमराव बी. ए. झाले.

1913 च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्यांनी तेथे जावे, याला पित्याचे मन राजी नव्हते. थोड्याच दिवसांत रामजी अत्यवस्थ असल्याची तार गेली. परतताना भीमराव सुरतेस वडिलांसाठी मिठाई घ्यावयास उतरले आणि गाडी चुकली. ते उशिरा मुंबईस पोचले. अंथरुणाला खिळलेल्या पित्याची नजर त्यांचाच शोध घेत होती. मुलगा दिसताच त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरविला. 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजींची प्राणज्योत मालवली. त्याच वर्षी त्यांचा पुत्र कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी अमेरिकेस निघाला.

दहा वर्षांनी, 1923 साली, डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग व दाखविलेली दृष्टी यांविषयी कृतज्ञता व्यक्त केली. जगन्मान्य अर्थशास्त्रज्ञाने आपल्या पित्याला दिलेले हे प्रगतिपुस्तकच म्हणावे लागेल.

मुलांच्या निकालाचा आनंद पालकांनी जरूर मानावा. समाजानेही त्यांचे कौतुक करावे, आणि ते करताना केळुसकर गुरुजींप्रमाणे हाती एक चांगले पुस्तक द्यावे. मात्र गुणांचा आकडा पाहताना ते मूल कोणत्या स्थितीतून तेथवर आले, हेही पाहावे. आणि कौतुकाचा दिवस मावळला की रामजीबाबांप्रमाणे पुढल्या इयत्तेच्या पुस्तकांची चिंता वाहावी. अपत्याच्या यशाचा अभिमान किती मोठा, हे आपण त्याच्या उद्याच्या शिक्षणासाठी आज काय सोडावयास तयार आहोत, यावरून ठरते. त्या पित्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.