सासष्टीचे पुराणकार फादर स्टीफन्स

चातुर्मास लागला की देवळोदेवळी पोथी सोडली जाते आणि ओवी कानी पडू लागते. या दिवसांत पुराणकर्त्यांची चरित्रे सांगण्याचा परिपाठ आम्ही आजवर पाळीत आलो. आज ज्यांचे चरित्र सांगावयाचे ते जन्माने इंग्रज, धर्माने रोमन कॅथॉलिक आणि लेखणीने मराठी होते. या पानावर पाद्र्याचे काय काम, असे एखादा भाविक विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही तो टाळणार नाही.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशर परगण्यात, बुश्टन या खेड्यात, इ. स. १५४९ च्या सुमारास झाला. तेथील राजसत्ता तेव्हा प्रॉटेस्टंट पंथाकडे वळत होती; पुढे जुन्या कॅथॉलिक मताला चिकटून राहणे जोखमीचे होऊन बसले. हा तरुण रोमला गेला आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून गलबत सुटले, ते त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. त्या प्रवासाची हकीकत त्यांनी वडिलांना पत्राने कळविली. हिंदुस्थानात स्थायिक झालेले ज्ञात असे पहिले इंग्रज ते हेच. मायदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

आणि ते आले तरी कोठे? स्वधर्मासाठी ज्याने देश सोडला तो अशा मुलखात आला, जेथे त्याच्याच धर्माच्या सत्तेपायी इतरांना स्वधर्मासाठी गाव सोडावे लागत होते. सासष्ट गावांचा म्हणून तो प्रांत सासष्टी. १५४३ मध्ये तो पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि पुढील पंचवीस वर्षांत तेथील देवळे जमीनदोस्त झाली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास. मठग्रामीचा, म्हणजे आजच्या मडगावचा, दामोदर जांबावलीस नेला गेला आणि १५६५ मध्ये मडगावात चर्च उभे राहिले. ज्यांची कुलदैवते अशी रात्रीच्या अंधारात नदीपार गेली, त्या घराण्यांना हा इतिहास नव्याने सांगण्याची गरज नाही. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. पोर्तुगीजांनी मग गावच्या प्रमुखांना बोलावून घेऊन त्यांची कत्तल केली. स्टीफन्स यांना या मुलखात येऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. त्यांचे पुढचे बहुतेक आयुष्य याच सासष्टीत गेले.

गावोगावी जे नवे ख्रिस्ती समाज घडत होते, त्यांची अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. धर्म पालटला, नावे पालटली. पण रानात किंवा समुद्रात नेऊन कान पालटता येत नाहीत. पिढ्यान् पिढ्या पुराण ऐकलेला कान होता तो. जुन्या पोथ्यांवर बंदी होती आणि नव्या धर्माजवळ प्रश्नोत्तरांच्या पाठांपलीकडे देण्याजोगे फारसे काही नव्हते. स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग घातला आहे. चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्यांना विनविले की, पूर्वीची पुराणे सुटली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण द्यावे. आमच्या मते या चरित्राचे मर्म येथे आहे. धर्मोपदेशक बोलण्यासाठी येतो. हे गृहस्थ ऐकून घेण्यासाठी थांबले.

थांबले ते किती! मराठी आणि कोंकणी त्यांनी अशा आत्मसात केल्या की कोंकणीचे व्याकरण त्यांच्याच हातून उतरले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूर येथे छापले गेले. १५८३ च्या ऑक्टोबरात भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नमूद केले आहे की, या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्या रचनेसारखी आहे. संस्कृताचे हे नाते सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये जगापुढे मांडले, तेव्हा त्या पत्राला दोनशे वर्षे होऊन गेली होती.

‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापून निघाले. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात येशू ख्रिस्ताचे चरित्र. ओव्या दहा हजार नऊशे बासष्ट. देवनागरीचे खिळे नसल्यामुळे हा मराठी ग्रंथ रोमी लिपीत निघाला. पैठणास एकनाथ महाराज १५९९ पर्यंत देहाने होते, म्हणजे स्टीफन्स त्यांचे समकालीन. आणि या पुराणाची ओवी नाथांच्या ओवीशी घडणीने फार जवळची आहे. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. मराठीचे स्तवन तर असे करतात की, भाषाभाषांत तिला रत्न मानावे, फुलांत मोगरा मानावा. मराठीच्या अध्यापकांनी ते स्तवन एव्हाना घरोघर पोहोचविले आहे. शुद्ध मराठी सर्वांस समजणार नाही म्हणून आपण तीत घरगुती बोलीचे शब्द मिसळले, हेही ते मोकळेपणाने सांगतात. कीर्तनकाराला हा हिशेब नवा नाही.

हे पुराण लोकांना त्यांच्या जुन्या दैवतांपासून दूर नेण्यासाठीच रचले होते, हे झाकण्याचे कारण नाही. त्यातील सिद्धान्त आम्हांस मान्य नाहीत आणि ते मान्य व्हावेत अशी अपेक्षाही कोणी धरू नये. परंतु देवळे पाडणाऱ्या सत्तेने लोकांची भाषाही हीन लेखली असता, त्याच सत्तेच्या छत्राखाली वावरणाऱ्या या पाद्र्याने ती भाषा आपल्या देवापुढे उभे राहण्यास योग्य मानली. हे श्रेय आम्ही नाकारू शकत नाही. नाकारले तर ओवीशी प्रतारणा होईल.

१६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. नंतर मात्र वारे फिरले. १६८४ च्या फर्मानाने गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असे ठरविले. ज्या सत्तेच्या राज्यात हे पुराण छापले गेले, तिनेच त्याच्या भाषेवर कुऱ्हाड उगारली. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हातानकलांवर. गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो मंगळूरकडे जपला, गाइला, आणि तेथेच १९०७ मध्ये जोसेफ साल्डाना यांनी तो पुन्हा छापला. देवनागरीत आणला शांताराम बंडेलू यांनी, १९५६ मध्ये, पुण्यात. देवनागरी लिपीतील एक जुने हस्तलिखित मात्र त्याआधीच इंग्लंडात जाऊन पोहोचले होते. ते लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या ग्रंथालयात आहे.