ब्लीचच्या कॅनमागचा डॉक्टर

बंगल्याच्या आवारात किंवा फार्महाऊसवर छोटा जलतरण तलाव असेल, तर त्याचे पाणी निर्जंतुक ठेवण्याचे काम घरच्यांवरच येते. सुरुवात बहुधा क्लोरीनच्या गोळ्यांनी किंवा पावडरने होते. वर्ष-दोन वर्षांत अडचणी दिसू लागतात. गोळ्यांमधले सायान्युरिक ॲसिड पाण्यात साठत जाते आणि क्लोरीनचा जोर मंदावतो. कॅल्शियमयुक्त पावडरने पाणी जड होते, टाइल्सवर पांढरे थर बसतात. मग कोणीतरी द्रवरूप ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, वापरायला सुचवते. त्यातून पाण्यात मागे उरते ते मुख्यतः साधे मीठ. बदल योग्यच असतो, पण या द्रवाचा स्वभाव समजून घेतला नाही तर तो फसतो आणि कधी जिवावरही बेततो.

हा स्वभाव ज्यांनी आधी ओळखला त्यांत क्लोद लुई बर्थोले हे नाव अग्रभागी आहे. रसायनशास्त्राच्या इतिहासात ते मोठे आहेच, पण बर्थोले शिक्षणाने डॉक्टर होते हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

डॉक्टर ते रंगखात्याचे प्रमुख

बर्थोले यांचा जन्म ९ डिसेंबर १७४८ रोजी आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉय प्रांतात, आनसी सरोवराकाठच्या तालुआर गावात झाला. हा भाग तेव्हा फ्रान्समध्ये नव्हता. ट्युरिन विद्यापीठातून १७६८ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि १७७२ मध्ये पॅरिस गाठले. जिनिव्हाचे नामवंत डॉक्टर थिओडोर त्रोंशँ यांच्या ओळखीने त्यांना ड्यूक ऑफ ऑर्लेआँच्या घराण्यात वैद्य म्हणून काम मिळाले. तिथे पोटापाण्याची सोय झाली आणि प्रयोगशाळाही मिळाली. पुढे त्यांनी पॅरिसचीही वैद्यकीय पदवी घेतली, पण मन रसायनांतच रमले. १७८० मध्ये ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले आणि १७८४ मध्ये सरकारी रंगकामाच्या देखरेखीची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

या नेमणुकीमुळे कापडाचा एक जुना प्रश्न त्यांच्यासमोर आला. त्या काळी सुती आणि तागाचे कापड पांढरे करायचे म्हणजे ते राखेच्या क्षारात उकळायचे, आंबट ताकात भिजवायचे आणि हिरवळीवर उन्हात पसरून ठेवायचे. हे चक्र पुनःपुन्हा करावे लागे. त्यात महिनेच्या महिने जात आणि चांगली जमीन अडून राही.

उन्हातले बुडबुडे

स्वीडनच्या कार्ल शेले यांनी १७७४ मध्ये एक हिरवट पिवळा, घसा जाळणारा वायू तयार केला होता. तो फुलापानांचे रंग उडवतो हेही त्यांनी नोंदवले होते. हाच क्लोरीन. हे नाव मात्र त्याला बऱ्याच वर्षांनी, १८१० मध्ये, हम्फ्री डेव्ही यांनी दिले.

बर्थोले यांनी १७८५ मध्ये या वायूचा अभ्यास अकादमीपुढे मांडला. त्यातला एक प्रयोग अगदी साधा होता. वायू विरघळवलेले पाणी त्यांनी उन्हात ठेवले. पाण्यातून बुडबुडे येऊ लागले. गोळा केलेला तो वायू ऑक्सिजन निघाला. पाण्याची रंग उडवण्याची ताकद गेली आणि मागे हायड्रोक्लोरिक ॲसिड उरले. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की हा वायू म्हणजे त्या ॲसिडाचा आणि ऑक्सिजनचा संयोग असावा. हा निष्कर्ष चुकला. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, हे पुढे डेव्हींनी दाखवून दिले. निरीक्षण मात्र पक्के होते. क्लोरीनचे पाणी उन्हात टिकत नाही.

घरच्या तलावात रोज हेच घडते. सकाळी ओतलेले ब्लीच भर उन्हात काही तासांत बरेचसे संपते आणि दुपारी पोहायला उतरणाऱ्या मुलांच्या वाट्याला जवळजवळ असुरक्षित पाणी येते. म्हणून ब्लीच संध्याकाळी, सूर्य कलल्यावर, पंप चालू ठेवून घालावे. उघड्या तलावात थोडे सायान्युरिक ॲसिड क्लोरीनचे उन्हापासून रक्षण करते. गोळ्या बंद केल्यावर त्याचा पुरवठाही थांबतो, म्हणून त्याचे प्रमाण अधूनमधून तपासावे लागते.

त्याच वर्षी बर्थोले यांनी आणखी एक महत्त्वाचे काम केले. अमोनिया हा नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा बनलेला असतो, हे त्यांनी सिद्ध केले. तलावाशी याचाही संबंध आहे. घाम आणि लघवीतले अमोनियासारखे नायट्रोजनयुक्त पदार्थ क्लोरीनशी मिळून क्लोरामाइन तयार होते. तलावाचा उग्र वास आणि डोळ्यांची आग यांचे कारण बहुतेक वेळा हेच असते. असा वास आला की लोकांना क्लोरीन जास्त झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मोकळा क्लोरीन अनेकदा कमी पडलेला असतो. पोहण्याआधी अंघोळ करण्याचा नियम याचसाठी आहे.

जाव्हेलचे पाणी

बर्थोले यांनी क्लोरीनच्या पाण्याने कापड पांढरे करून दाखवले. महिन्यांचे काम आता दिवसांत, कधी तासांत होऊ लागले. ही पद्धत त्यांनी लपवून ठेवली नाही. वाफेच्या इंजिनासाठी प्रसिद्ध असलेले जेम्स वॅट १७८६ च्या सुमारास पॅरिसला आले, तेव्हा त्यांनाही प्रयोग दाखवला. वॅट यांनी ती पद्धत ग्लासगोजवळ आपल्या सासऱ्यांच्या कापड पांढरे करण्याच्या कारखान्यात नेली. या शोधावर बर्थोले यांनी पेटंट घेतले नाही आणि त्यातून संपत्तीही कमावली नाही.

नुसत्या पाण्यातला क्लोरीन सहज उडून जाई आणि कामगारांची छाती भरून येई. हाच वायू पोटॅशच्या द्रावणात सोडला, की तो धरून ठेवला जातो आणि वासही कमी होतो. पॅरिसच्या सीमेवरील जाव्हेल गावातल्या कारखान्याने असे द्रावण विकायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये आजही घरगुती ब्लीचला जाव्हेलचे पाणी म्हणतात. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी क्लोरीन चुन्यात शोषून ब्लीचिंग पावडर बनवली. आपल्या ग्रामपंचायतींत विहिरीत टाकली जाणारी टीसीएल पावडर याच घराण्यातली. १८२० च्या दशकात पॅरिसचे औषधनिर्माते आंत्वान लाबाराक यांनी सोडियमयुक्त द्रावण दुर्गंधी आणि सडण्याविरुद्ध वापरले. कापडाचे रसायन अशा रीतीने आरोग्याच्या कामी आले.

द्रावणाचा जोर मोजायचा कसा, हा प्रश्न तेव्हाही होता. कमी जोराच्या द्रावणाने कापड मळकट राही, जास्त जोराच्या द्रावणाने त्याचे धागे कुजत. रूआँ शहरातल्या एका रसायनतज्ज्ञाने त्यासाठी निळीचा उपयोग केला. ठरावीक द्रावण निळीचे किती पाणी रंगहीन करते, यावरून त्याची ताकद कळे. त्या उपकरणाला बर्थोले यांचेच नाव मिळाले. तलावाकाठी वापरायचा चाचणी संच त्याचाच वारस मानायला हरकत नाही.

एसोनचा स्फोट

याच संशोधनातून बर्थोले यांना पोटॅशियम क्लोरेट हे क्षार मिळाले. त्याचा जोर पाहून त्यापासून अधिक शक्तिशाली बारूद बनवण्याची कल्पना पुढे आली. ऑक्टोबर १७८८ मध्ये पॅरिसजवळ एसोन येथे चाचणी झाली. बर्थोले, त्यांचे ज्येष्ठ सहकारी लाव्हाझिए आणि त्यांच्या पत्नी तिथे हजर होत्या. ही मंडळी थोडी बाजूला गेलेली असताना मिश्रणाचा स्फोट झाला आणि दोन जणांचा जीव गेला.

पुढे क्रांती झाली आणि मे १७९४ मध्ये लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. बर्थोले बचावले. त्या काळातली एक गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. सैन्यासाठी आलेल्या ब्रँडीत विष असल्याचा संशय घेतला गेला आणि तपासणी त्यांच्याकडे आली. सत्ताधाऱ्यांना पुरवठादाराला दोषी ठरवायचे होते. बर्थोले यांनी ब्रँडी निर्दोष असल्याचा अहवाल दिला. त्यावर दरडावणी झाली, तेव्हा त्यांनी ती गाळून सर्वांसमोर पिऊन दाखवली.

नेट्रॉन सरोवराचा धडा

१७९८ मध्ये नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत गणितज्ञ मोंज यांच्यासह बर्थोलेही होते. कैरोच्या वायव्येला वाळवंटात नेट्रॉन सरोवरे आहेत. तिथे काठावर धुण्याच्या सोड्याचे थर जमलेले त्यांना दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले, की चुनखडी आणि मीठ तयार होते. इथे मात्र सारे उलटे चालले होते. खाऱ्या पाण्यात मीठ मुबलक होते, भोवती चुनखडी होती, आणि त्या दोहोंतून सोडा बनत होता.

यावरून बर्थोले यांनी मोठा विचार मांडला. रासायनिक क्रिया केवळ पदार्थांच्या आकर्षणावर ठरत नाही. कोणता पदार्थ किती प्रमाणात आहे आणि परिस्थिती कशी आहे, यावरही ती कुठल्या दिशेने जाईल हे ठरते. क्रिया उलटूही शकते. १८०३ मधल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडले. संयुगांचे प्रमाण निश्चित असते, हे मात्र त्यांनी मान्य केले नाही. जोसेफ प्रूस्त यांच्याशी त्यावर त्यांचा अनेक वर्षे वाद चालला आणि त्यात प्रूस्त बरोबर ठरले. दोघांनीही सभ्यता सोडली नाही.

उलटू शकणाऱ्या क्रियेचे उत्तम उदाहरण ब्लीचच्या कॅनमध्येच आहे. क्लोरीन वायू क्षारात शोषून ब्लीच बनते. त्यात ॲसिड पडले की क्रिया मागे फिरते आणि तोच वायू बाहेर पडतो. तलावाचा पीएच कमी करायला ॲसिड लागते, म्हणून दोन्ही कॅन अनेकदा शेजारीच ठेवले जातात. एकाच बादलीत दोन्ही ओतणे, ॲसिडच्या रिकाम्या मापाने ब्लीच घेणे किंवा गोळ्यांच्या डब्यात ब्लीच ओतणे, या तिन्ही चुका घातक आहेत. ॲसिड आणि ब्लीच वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावे, वेगवेगळ्या वेळी घालावे. वायू श्वासात गेल्यास लगेच मोकळ्या हवेत जावे. डोळ्यांत गेला असेल तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. खोकला, धाप किंवा छातीत आवळल्यासारखे वाटले तर रुग्णालय गाठावे, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

पीएचचे गणितही याच तत्त्वावर चालते. जंतू मारण्याचे काम प्रामुख्याने हायपोक्लोरस ॲसिड करते. पीएच ७.५ च्या आसपास मोकळ्या क्लोरीनचा साधारण निम्मा भाग या रूपात असतो. पीएच ८.५ झाला तर तो दहाव्या हिश्श्यावर येतो. ब्लीच तेवढेच घातलेले असते, पण काम होत नाही. म्हणून पीएच ७.० ते ७.८ यांमध्ये ठेवावा. मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम असावा आणि सायान्युरिक ॲसिड वापरत असल्यास किमान २.

आर्केयचे घर

इजिप्तहून परतल्यावर बर्थोले यांनी पॅरिसच्या दक्षिणेला आर्केय येथे घर घेतले आणि तिथे प्रयोगशाळा उभारली. लाप्लास शेजारी राहायला आले. गे-ल्युसॅक, थेनार, हम्बोल्ट अशी मंडळी तिथे जमू लागली. तरुणांनी स्वतंत्रपणे काम करावे, अगदी आपल्या मताविरुद्ध निष्कर्ष निघाला तरी तो मांडावा, याला बर्थोले यांचे उत्तेजन असे. नेपोलियनने त्यांना सरदारकी दिली, तरी राहणी साधीच राहिली. मुलाच्या अकाली मृत्यूने ते खचले आणि मंडळही हळूहळू विखुरले. ६ नोव्हेंबर १८२२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, आर्केयलाच त्यांचे निधन झाले.

त्यांनी ओळखलेला ब्लीचचा चंचलपणा अजून तसाच आहे. बाजारात मिळणारे ब्लीच साधारण १० ते १२ टक्क्यांचे असते, पण उष्णतेत आणि उजेडात त्याचा जोर घटत जातो. म्हणून उत्पादनाची तारीख पाहून लागेल तेवढेच घ्यावे, सावलीत ठेवावे आणि हातमोजे व चष्मा घालूनच हाताळावे. आतून वायू सुटत असल्याने कॅनचे वायुछिद्र बुजवू नये. पन्नास हजार लिटरच्या तलावात क्लोरीन लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढवायचे, तर ५० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे १० टक्क्यांचे ताजे ब्लीच सुमारे अर्धा लिटर. जुन्या कॅनमधून तेवढेच घातले तर ते पुरेल याची खात्री नसते. म्हणून ब्लीच घातल्यावर पाणी पूर्ण मिसळू द्यावे आणि कोणीही पाण्यात उतरण्याआधी क्लोरीन व पीएच पुन्हा मोजावे.