खुर्चीवर बसलेला माणूस आणि दाराबाहेरचा समाज

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. ऐरोली, घणसोली, तुर्भे, नेरूळ, कोठेही जा. बुद्धविहाराच्या ओट्यावर चार माणसे बसली की बोलणे तिकडेच वळते. जागा राखीव झाली, आपल्यातला माणूस निवडून येणार, मग आपली कामे होतील काय? कोणी म्हणतो, आपला तो आपलाच. कोणी म्हणतो, खुर्ची मिळाली की सारे सारखेच. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ साली स्थापन झाली. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांना नगरपालिका-महानगरपालिकांत राखीव जागा मिळाल्या. जागा आल्या, माणसेही आली. प्रश्न मात्र उरला.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सत्तेची खुर्ची जेमतेम आठ वर्षे मिळाली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात चार आणि स्वतंत्र भारताच्या मंत्रिमंडळात चार. त्या आठ वर्षांत त्यांनी काय केले आणि त्यांच्या वाट्याला काय आले, हे नवदीक्षित कुटुंबांतील मुलामुलींना ठाऊक असले पाहिजे.

बडोद्याचा धडा

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. हुद्दा मोठा होता. महाराजांचे मनही मोठे होते. परंतु कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकीत. प्यायला पाणी मिळेना. शहरात राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर तेथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले.

वरचा माणूस सज्जन असला म्हणून खालची कचेरी सुधारत नाही, हा धडा तरुण भीमरावांना तेथे मिळाला. माणसाची दया माणसाबरोबर जाते. मागे राहतो तो लिहिलेला नियम. पुढे सत्ता हाती आल्यावर ते पुन्हा पुन्हा नियम लिहिण्याकडे का वळले, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

दोन मतांचा अर्थ

केवळ आपल्या जातीचा माणूस निवडून आला की काम झाले, असे बाबासाहेबांनी कधीच मानले नाही. गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला तो याच कारणासाठी. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती. एक मत आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. प्रतिनिधी ज्यांच्या मतांवर निवडून येतो त्यांच्याशीच तो बांधील राहतो, हा त्यामागचा साधा हिशोब होता. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण अखेरची निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली.

या कराराचा चटका पुढे खुद्द बाबासाहेबांनाच बसला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून राखीव जागेवर उभे राहिले आणि पडले. त्यांच्याविरुद्ध निवडून आलेले काँग्रेसचे उमेदवार काजरोळकर हेही अनुसूचित जातीचेच होते. जागा समाजाच्या नावाची राहिली, निवड इतरांची झाली.

चरीचे शेतकरी

बाबासाहेब केवळ आपल्या जातीपुरते पाहत, असे म्हणणाऱ्यांना कुलाबा जिल्ह्याचा इतिहास दाखवावा. नवी मुंबईची मूळ गावे आगरी-कोळी बांधवांची. त्यांच्याच भावकीतले आगरी शेतकरी अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ पासून खोतांच्या जुलमाविरुद्ध संपावर होते. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. शेते पडीक ठेवून, जंगलातील लाकडे विकून त्यांनी वर्षे काढली. डिसेंबर १९३४ मध्ये तेथे झालेल्या शेतकरी परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर मोर्चा घेऊन आले. त्यांत महार होते, तसे कुणबी आणि आगरीही होते. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. पण पहिला घाव कोणी घातला, हे कोकणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावे.

मजूरमंत्री

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या मंडळात बसणारे ते पहिले अस्पृश्य. समाजात आनंदीआनंद झाला. बाबासाहेबांनी मात्र हारतुऱ्यांत वेळ दवडला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयपुढे ठेवले.

त्या वेळची स्थिती अशी होती. १९३४ च्या सरकारी ठरावाने वरिष्ठ सरकारच्या नोकऱ्यांत मुसलमानांना २५ टक्के व इतर अल्पसंख्याकांना ८⅓ टक्के जागा ठरवून दिल्या होत्या. अस्पृश्यांना ठरलेला वाटा काहीच नव्हता. पात्र उमेदवार मिळत नाहीत, हे कारण तयार असे. ऑगस्ट १९४३ मध्ये हे बदलले. अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या, वयाची अट सैल झाली, परीक्षेची फी कमी झाली. १९४६ साली हे प्रमाण १२½ टक्के झाले. उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला ३ लाख रुपये मंजूर झाले आणि अस्पृश्यांची मुले सरकारी खर्चाने परदेशी शिकायला जाऊ लागली. एकेकाळी एका महाराजांच्या कृपेने एक मुलगा गेला होता. आता नियमाने मुले जाऊ लागली.

पण त्यांचे खाते साऱ्या मजुरांचे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरियाच्या कोळसा खाणींत स्वतः खाली उतरले. युद्धाच्या काळात कोळसा कमी पडू लागला म्हणून स्त्रियांना भुयारी कामाची असलेली बंदी सरकारने उठवली होती. बाबासाहेबांवर त्याबद्दल टीका झाली, आणि मंत्री म्हणून तिला उत्तर देणे त्यांच्यावर आले. ही सवलत तात्पुरती आहे आणि समान कामाला स्त्रीला पुरुषाइतकाच दाम मिळेल, ही भूमिका त्यांनी घेतली. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. सत्तेत बसलेल्या माणसाला मनासारखेच सारे करता येत नाही, हेही येथे दिसते. त्याच वर्षी कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळे-महापेच्या कारखान्यांत पाळी करणारा कामगार कोणत्याही जातीचा असो, ४८ तासांचा आठवडा त्याला ठाऊक आहे. तो कोणाच्या मंत्रिपदाच्या काळात आला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

याच काळात, १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. त्याची दारे सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुली होती.

खुर्ची सोडण्याचे धैर्य

स्वातंत्र्यानंतर ते कायदेमंत्री झाले, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम आणि मागासांना नोकऱ्यांत जागा राखण्याची मुभा देणारे १६ वे कलम घटनेत आले. एका मंत्र्याच्या काळापुरती असलेली गोष्ट आता देशाचा कायदा झाली.

त्यानंतर त्यांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले. मुलीला वारसा, स्त्रीला घटस्फोटाचा हक्क, एकपत्नीत्व हे त्याचे गाभे. यात त्यांच्या जातीचा खास लाभ कोणता होता? सवर्ण घरांतील लेकीसुनांनाही त्यांना हे हक्क द्यायचे होते. बिल रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अनुसूचित जातींकडे सरकार दुर्लक्ष करते, हेही राजीनाम्याचे एक कारण होते. पुढे १९५५-५६ मध्ये तेच कायदे चार तुकड्यांत झाले. आज ते बौद्ध कुटुंबांनाही लागू आहेत. आपल्या लेकीला बापाच्या मिळकतीत वाटा मिळतो त्यामागे ही धडपड आहे.

हिशोब

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी मनातले दुःख उघड केले. शिकून मोठे झालेले लोक समाजाच्या उपयोगी पडतील ही त्यांची आशा होती. पण साहेब झालेल्यांनी खेड्यातल्या भूमिहीन भावाकडे पाठ फिरवली, याची खंत त्यांनी बोलून दाखवली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. धर्मांतरितांच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने त्या १९६० साली दिल्या. केंद्राकडून मिळायला १९९० साल उजाडले. या ३४ वर्षांत प्रत्येक लोकसभेत राखीव जागांवरचे खासदार होते.

तेव्हा ओट्यावरच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. जन्म आपल्यात झाला एवढ्याने माणूस आपला होत नाही, आणि आपला माणूस पाठवणे व्यर्थही नाही. ज्याने बाहेर उभे राहण्याचे दुःख भोगले, त्याला बंद दार लवकर दिसते. ते उघडायचे की आत जाऊन कडी लावायची, हे त्याचे शील ठरवते. भगवान बुद्धांनी शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या दिली. राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. तोच उपाली पुढे विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमांचा, सर्वांत मोठा जाणकार झाला.

आपल्या नगरसेवकाला, अधिकाऱ्याला, आपल्या नोकरदार मुलालाही तीन गोष्टी विचाराव्यात. तुझ्यामागून किती जण आत आले? त्यांत आपल्या जातीबाहेरचे, आपल्याहून दुबळे किती? आणि तू उद्या खुर्चीवरून उठलास, तर दार उघडे राहील असा कोणता नियम तू मागे ठेवलास?