एका पायावर ५,३७३ किलोमीटर धावला : हाडाच्या कॅन्सरशी झुंजलेल्या टेरी फॉक्सची गोष्ट

दरवर्षी सप्टेंबरमध्ये जगभरातल्या कित्येक शहरांत एक दौड होते. मुंबईतही ती झालेली आहे. तिच्या टी-शर्टवर कुरळ्या केसांच्या एका पोराचा फोटो असतो. त्याचा एक पाय खरा, दुसरा धातूचा. बऱ्याच जणांना वाटतं हा कुणी ऑलिम्पिकवाला असणार. तसं काही नाही. हा पोरगा तेवीस वर्षांचाही झाला नाही. त्याला हाडाचा कॅन्सर होता, आणि तो झाला त्या वयात हा कॅन्सर सगळ्यात जास्त गाठतो.

नाव टेरी फॉक्स. जन्म २८ जुलै १९५८, कॅनडातल्या विनीपेग शहरात. वडील रेल्वेत नोकरीला, घरात चार भावंडं. टेरी आठ वर्षांचा असताना कुटुंब पश्चिम किनाऱ्याकडे गेलं आणि पुढे व्हँकुव्हरजवळच्या पोर्ट कोक्विटलम या गावात स्थिरावलं.

टेरीला बास्केटबॉलचं वेड, पण उंची कमी. शाळेच्या कोचनी त्याला सरळ धावायला जा असं सुचवलं. कोचना वाईट वाटू नये म्हणून तो धावायला लागला, पण बास्केटबॉल काही सोडला नाही. आठवीत एकोणीस जणांच्या टीममध्ये हा एकोणिसावा, अख्ख्या सीझनमध्ये एक मिनिट मैदानात. तरी रोज सकाळी लवकर शाळेत हजर. बारावीला येईपर्यंत शाळेच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने पटकावला होता, तोही जिवलग मित्र डग अल्वर्ड याच्याबरोबर वाटून. पुढे सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथल्या ज्युनिअर टीममध्येही घुसला.

१२ नोव्हेंबर १९७६. घरी येताना त्याची गाडी पुढच्या पिकअप ट्रकवर आदळली. गाडी भंगारात गेली, टेरीचा फक्त उजवा गुडघा दुखावला. डिसेंबरमध्ये परत दुखलं. सीझन संपू दे मग बघू, म्हणून त्याने अंगावर काढलं. मार्च १९७७ मध्ये दुखणं असह्य झालं, हॉस्पिटल गाठलं, तेव्हा निदान झालं ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडातच सुरू होणारा कॅन्सर.

टेरीला शेवटपर्यंत वाटत राहिलं की अपघातामुळे गुडघा कमजोर झाला आणि म्हणून हे झालं. डॉक्टरांना ते मान्य नव्हतं. आजही नाही. मार लागल्यामुळे हाडाचा कॅन्सर होत नाही, मार लागल्यामुळे त्या जागेकडे लक्ष जातं इतकंच. आपल्याकडे यातूनच घोळ होतो. पोरगं खेळताना पडलं, मुका मार असेल, वाढीचं दुखणं असेल, म्हणून मालिश सुरू होते. दुखणं आठवडे झाले तरी हटत नसेल, रात्री झोपेतून उठवत असेल, गुडघ्याच्या वरखाली सूज दिसत असेल तर साधा एक्स-रे आधी काढायला हवा.

गुडघाच का, आणि इतक्या कोवळ्या वयातच का?

ऑस्टिओसार्कोमा हाड तयार करणाऱ्या पेशींचा आजार आहे. वयात येताना मुलं झपाझप उंच होतात, तेव्हा या पेशी सगळ्यात जोरात काम करत असतात. सगळ्यात वेगाने वाढतं ते गुडघ्याजवळचं हाड, म्हणून हा कॅन्सरही तिथेच जास्त दिसतो. दहा ते वीस या वयात तो सर्वाधिक आढळतो. मग प्रमाण खाली येतं आणि साठीनंतर पुन्हा थोडं वर जातं. म्हातारपणी होणारा प्रकार मात्र वेगळाच म्हणायला हवा. त्यात आधीचा हाडांचा जुना आजार किंवा पूर्वी घेतलेलं रेडिएशन अनेकदा कारण असतं. गाठ कमरेच्या हाडात किंवा मणक्यात, म्हणजे पूर्ण काढून टाकायला अवघड जागी असण्याचं प्रमाणही जास्त. वर औषधं इतकी जहाल की किडनी आणि हृदय तरुण असेल तरच पूर्ण डोस झेपतो. त्यामुळे जगण्याची शक्यता वयानुसार बदलते. अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदींच्या १९७३ ते २००४ या काळातल्या आकडेवारीत पंचविशीच्या आतल्या रुग्णांपैकी साधारण ६० टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. साठीच्या पुढच्यांत हे प्रमाण जेमतेम पाव होतं.

म्हणजे वयाच्या हिशेबात टेरी बऱ्या बाजूला होता. आणि काळाच्या हिशेबातही, असं त्याला सांगण्यात आलं.

९ मार्च १९७७ ला त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या सुमारे १५ सेंटिमीटर वरून कापला. वय १८. मग सोळा महिने केमोथेरपी. डॉक्टरांनी सांगितलं, वाचण्याची शक्यता ५० टक्के. दोनच वर्षं आधी हाच आकडा १५ टक्के असता हेही त्याला कळलं. नुसता पाय कापून त्या काळी फारसं काही साधत नसे, कारण गाठ दिसण्याआधीच कॅन्सरच्या बारीक पेशी रक्तातून फुफ्फुसात पोचलेल्या असायच्या. १९७० च्या दशकात अड्रियामायसिन आणि मेथोट्रेक्सेटचे मोठे डोस या आजारावर वापरले जाऊ लागले आणि चित्र बदललं. टेरीच्या डोक्यात हा १५ आणि ५० मधला फरक पक्का बसला. कुणीतरी संशोधनाला पैसे दिले होते म्हणून आपण जिवंत आहोत, हा त्याचा सरळ हिशेब.

वॉर्डात त्याने आपल्याहून लहान पोरं जाताना पाहिली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याच्या जुन्या कोचनी एक मासिक आणून दिलं होतं. त्यात डिक ट्रॉमवर लेख होता. हा माणूस कृत्रिम पाय लावून न्यूयॉर्क मॅरेथॉन धावला होता. बी तिथे पडलं. केमो चालू असतानाच टेरी व्हीलचेअर बास्केटबॉल खेळायला लागला आणि त्याच्या टीमने तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मग चौदा महिने धावण्याचा सराव. कृत्रिम पायाची स्प्रिंग परत जागेवर यायला वेळ लागायचा, म्हणून चांगल्या पायावर दोन उड्या आणि मग धातूचा पाय, अशी त्याची विचित्र चाल झाली. ऑगस्ट १९७९ मध्ये एका शर्यतीत तो शेवटून पहिला आला, त्याच्या पुढच्या धावपटूनंतर दहा मिनिटांनी. तेव्हा त्याने घरी खरा बेत सांगितला : अख्खा कॅनडा धावत पार करायचा आणि कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवायचे. आईचा आधी कडाडून विरोध होता.

१२ एप्रिल १९८०. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला, दोन बाटल्या समुद्राच्या पाण्याने भरल्या आणि निघाला. एक बाटली आठवण म्हणून, दुसरी पॅसिफिकमध्ये ओतायची. डग व्हॅन चालवत मागे. रोज साधारण ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन. सुरुवातीलाच वादळी वारा, पाऊस, बर्फ. दोघा मित्रांचं इतकं बिनसलं की बोलणं बंद झालं, मग टेरीचा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ डॅरेल सोबतीला आला. लोकांना आधी पत्ताच नव्हता. पण पोर्ट ओ बास्क या दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलर्सहून जास्त दिले, आणि टेरीला आकडा सुचला : देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर. टोरांटोत पोचला तेव्हा चौकात दहा हजार माणसं जमली होती.

इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. टेरी हट्टी होता. तुटलेल्या पायाच्या टोकाला गळवं आली, चक्कर यायची, पण नियमित तपासणी करून घे म्हणणाऱ्यांना त्याने दाद दिली नाही. बाविसाव्या वाढदिवशीही तो धावला. आज ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णाची छाती ठरावीक अंतराने स्कॅन केली जाते, कारण हा आजार परततो तो बहुतेकदा फुफ्फुसातच. तपासण्या केल्या असत्या तर टेरी वाचला असता असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण त्याचं हे वागणं मात्र कुणी गिरवू नये.

१ सप्टेंबर १९८० ला, १४३ व्या दिवशी, थंडर बेजवळ खोकला आणि छातीतलं दुखणं इतकं वाढलं की तो स्वतःहून व्हॅनमध्ये जाऊन बसला. कॅन्सर फुफ्फुसांत पोचला होता. ५,३७३ किलोमीटर झाले होते आणि १७ लाख डॉलर्स. आठवड्याभरात एका टीव्ही कार्यक्रमातून १ कोटी ५ लाख डॉलर्स जमले. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत एकूण रक्कम २ कोटी ४१ लाखांच्या पुढे गेली. कॅनडाची लोकसंख्याही तेव्हा तेवढीच होती. माणशी एक डॉलर झाला.

त्याच्यावर पुन्हा केमो झाली, इंटरफेरॉन वापरून पाहिलं. उपयोग झाला नाही. आजार एकदा फुफ्फुसात गेला की तरुण वयाचा फायदा बराचसा संपतो, हे आजही खरं आहे. २८ जून १९८१ ला पहाटे टेरी गेला. तेविसाव्या वाढदिवसाला एक महिना बाकी होता.

आज हाडापुरत्याच मर्यादित असलेल्या ऑस्टिओसार्कोमात तरुण रुग्णांपैकी साधारण दहातले सात जण पाच वर्षांच्या पुढे जगतात, आणि बहुतेकांचा पाय वाचवता येतो : गाठीचं हाड काढून आत धातूचा सांधा बसवतात. पण हा आकडा १९८० च्या दशकानंतर फारसा हललेला नाही. औषधंही मुख्यतः तीच आहेत, जोडीला सिस्प्लॅटिन. फुफ्फुसात पसरलेल्यांचा आकडा अजून ३० टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो.

टेरीच्या नावाची पहिली दौड १३ सप्टेंबर १९८१ ला झाली. तीन लाख लोक आले, ३५ लाख डॉलर्स जमले. आत्तापर्यंतची बेरीज ८० कोटी डॉलर्सच्या वर आहे. या दौडीत पहिला नंबर नसतो, बक्षीस नसतं. चालत आलं तरी चालतं.