उमरठची समाधी आणि दुःखाला मिळालेली वाट

पोलादपूर तालुक्यातील उमरठ गावात तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. येणारा माणूस चपला काढतो, फूल ठेवतो आणि दगडाला हात लावून कपाळाला टेकवतो. हात लावण्याच्या या साध्या क्रियेला आरोग्यशास्त्रातही अर्थ आहे.

तानाजींचा जन्म साताऱ्याकडील गोडवलीचा मानला जातो. वडील काळोजी लवकर गेले आणि शेलारमामांच्या आधाराने कुटुंब खाली कोकणात उमरठला आले, असे परंपरा सांगते. म्हणजे या घराने पोरकेपण आधीच पाहिले होते. पुढे तानाजी आणि धाकटे सूर्याजी शिवाजी महाराजांच्या कामात सामील झाले.

1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणाही गेला. तो परत घेण्याची कामगिरी तानाजींनी उचलली, तेव्हा घरात मुलाच्या, रायबाच्या लग्नाची तयारी चालली होती. लग्नाची ही कथा पोवाड्यातून आली. सभासदाच्या बखरीत ती नाही. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री काही शे मावळे कड्यावरून गडावर चढले. किल्लेदार उदेभानाशी झुंजताना तानाजींची ढाल तुटली. दुसरी मिळेना, तेव्हा डाव्या हाताचीच ढाल करून ते लढत राहिले. हाताच्या आणि दंडाच्या मोठ्या रोहिण्या तुटल्या तर रक्त झपाट्याने जाते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले दोन लिटर गेले की आजच्या अतिदक्षता विभागातही जीव वाचवणे अवघड होते. दोघेही तिथेच पडले. गड मात्र सूर्याजींनी मावळ्यांना आवरून ताब्यात घेतला.

यापुढचा भाग इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो, पण वैद्यकाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

पार्थिव घाटाखाली उमरठला नेण्यात आले. केळदजवळच्या ज्या वाटेने ते उतरवले, तिला लोक आजही मढे घाट म्हणतात. महाराजांनी आपल्या गळ्यातील कवड्यांची माळ पार्थिवावर ठेवली आणि मालुसरे घराण्याने ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, अशी परंपरा आहे. थांबलेले लग्नही महाराजांनी लावून दिले, असे सांगतात. पुढे रायबा चंदगडजवळच्या पारगडाचे किल्लेदार झाले आणि घराण्याची एक शाखा तिथे रुजली.

माळ, वाट, दगड. गेलेल्या माणसाशी नाते सांगणाऱ्या अशा वस्तूंचा अभ्यास मानसोपचारतज्ज्ञ वामिक वोल्कान यांनी 1970 च्या दशकात केला. वस्तू कपाटात कोंडून ठेवली, तिच्याकडे पाहवतही नाही आणि ती टाकवतही नाही, अशा वेळी ती दुःख गोठवून ठेवते, हे त्यांनी दाखवले. हे खरेच आहे. बंद खोलीत वर्षानुवर्षे जसाच्या तसा ठेवलेला पलंग अनेक घरांत असतो. पण 1996 नंतर दुसरा विचारही पुढे आला. मृताशी नाते तोडणे म्हणजे बरे होणे नव्हे. ते नाते बदलते आणि टिकते. वस्तू हाताळली जाते का, चारचौघांत तिच्याविषयी बोलले जाते का, यावर बरेच अवलंबून असते. वॉशिंग्टनमध्ये 1982 साली उभारलेल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकावर 58 हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. नातेवाईक नावावरून बोट फिरवतात, कागद ठेवून त्याचा पेन्सिलीने ठसा घेतात. माया लिन या तरुण वास्तुविद्यार्थिनीने नावे हाताला लागतील अशीच भिंत आखली होती.

आपल्याकडे पोवाडा हेच काम करीत आला आहे. तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा प्रसिद्ध आहे. पोवाडा एकट्याने ऐकायचा नसतो. शाहीर डफावर थाप मारतो, झीलकरी सूर धरतात, श्रोत्यांचा श्वास त्या लयीत येतो. एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोकेही सोबत वरखाली होतात, असे 2013 साली स्वीडनमधील गोटेनबर्गच्या संशोधकांनी मोजून दाखवले. ज्याला घरात रडता येत नाही, तो अशा गर्दीत डोळे पुसू शकतो. आपल्या पुरुषांना तर ही सोय फारच लागते.

सगळेच दुःख असे वाहून जात नाही. सहा महिन्यांनंतरही झोप, जेवण, कामधंदा सुरळीत होत नसेल, मृताची ओढ दिवसभर सोडत नसेल, तर त्याला दीर्घकाळ टिकणारा शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आपल्या रोगवर्गीकरणात जागा दिली आहे आणि त्यावर समुपदेशनाचा उपयोग होतो. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवावे. टेलिमानसची 14416 ही सरकारी मदतवाहिनी विनामूल्य आहे.

माघ वद्य नवमीला उमरठला पुण्यतिथीचा उत्सव भरतो. शेजारी शेलारमामांचीही समाधी आहे. लोक तिथेही फूल वाहतात.