धैर्यधर भाऊसाहेब : डॉ. पंजाबराव देशमुख

वऱ्हाडच्या काळ्या मातीत संत जन्मले, तसे कर्ते पुरुषही जन्मले. देवळाच्या दारी उभे राहून सर्वांसाठी ते दार उघडे व्हावे म्हणून झटणारे, आणि शाळेचे दार तर स्वतःच उघडून देणारे असे एक कर्ते पुरुष म्हणजे डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख. मंदिराच्या जीर्णोद्धारप्रसंगी त्यांचे स्मरण उचित होय.

अमरावती जिल्ह्यातील पापळ या लहानशा खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी शामराव व राधाबाई या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. घर कास्तकाराचे. पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असे टप्पे करीत त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले, आणि पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२० साली ते विलायतेस निघाले तेव्हा पैशाची मोठी अडचण होती. वडिलांनी कर्जाचा भार उचलला, पण मुलाचे पाऊल मागे घेऊ दिले नाही. धैर्याचा पहिला धडा असा घरातच मिळाला. एडिंबरो येथे एम. ए., ऑक्सफर्ड येथे डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची पदवी मिळवून १९२६ साली ते परतले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास. पुढे रूढीवर त्यांनी आघात केला, तो धर्माच्या अज्ञानातून नव्हे, तर धर्माच्या अभ्यासातून, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अमरावतीस वकिली सुरू केली. विद्वान बॅरिस्टरास सुखाचा संसार व मानमरातब सहज लाभला असता. परंतु १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, तेव्हा भाऊसाहेब तिच्या पुढाऱ्यांत होते. त्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. मंदिराचे दार ज्यांना कधी बंद नव्हते, अशा मराठा घराण्यातील तरुणाने ज्यांना ते बंद होते त्यांच्या बाजूने उभे राहणे, ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. गावकी व भावकी दोन्हींचा रोष ओढवून घ्यावा लागे. त्याच महिन्यात त्यांनी मुंबईच्या वैद्य घराण्यातील विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. जे सभेत सांगितले, ते घरी करून दाखविले. स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने निघालेल्या छात्रालयात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू व जेवू लागली.

१९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करणे आणि प्राथमिक शिक्षणाचा प्रसार करणे, ही कामे त्यांनी हाती घेतली. १९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून आले व शिक्षण आणि शेती खात्याचे मंत्री झाले. सावकारी पाशात सापडलेल्या कास्तकाराची सुटका व्हावी म्हणून १९३३ च्या कर्ज-तडजोड कायद्यासाठी त्यांनी खटपट केली.

१९३२ साली त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवस्थानांची संपत्ती लोकांच्या शिक्षणासारख्या हिताच्या कामी यावी, हा त्यामागील हेतू होता. विरोध झाला व त्याचा कायदा झाला नाही. सामान्य माणूस अशा वेळी खचतो किंवा कडवट होतो. भाऊसाहेबांनी त्याच वर्षी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. कायद्याने जे साधले नाही, ते लोकांच्या वर्गणीने व श्रमाने साधू लागले. ज्यांच्या घरात पूर्वी पाटी आली नव्हती, अशी मुले अमरावतीस येऊन शिकली. त्यांतून शिक्षक, वकील, डॉक्टर, कार्यकर्ते तयार झाले. स्वतः निर्भय असणे हा एक गुण. पण हाताखालच्या पोरांना मान वर करून बोलायला शिकविणे, हे त्याहून मोठे. ते भाऊसाहेबांनी केले.

घटना समितीत त्यांनी शेतकरी व मागासलेल्या वर्गांच्या हक्कांसाठी आवाज उठविला. १९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा त्यांनी प्रसार केला, १९५५ साली भारत कृषक समाज उभा केला, आणि १९५९ च्या अखेरीस दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. खेड्यातल्या कास्तकाराने जगाची शेती डोळ्यांनी पाहावी, हा त्यांचा ध्यास होता.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. वऱ्हाडात शेतीचे विद्यापीठ व्हावे ही त्यांची तळमळ त्यांच्या पश्चात फळास आली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले व त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. पापळच्या वावरातून निघालेली वाट अकोल्याच्या विद्यापीठापर्यंत पोहोचली.

दगड, चुना व सिमेंट यांनी मंदिराच्या भिंती नव्या होतात. परंतु त्या मंदिराच्या पायरीवर कोणाचेही पाऊल अडखळू नये, आणि देवापुढे जमलेल्या द्रव्यातून एखाद्या गरीब लेकराच्या हाती पुस्तक यावे, तेव्हाच जीर्णोद्धार पूर्ण झाला असे म्हणता येते. भाऊसाहेबांच्या जीवनाची ही शिकवण गावोगावच्या तरुण पिढीने अंगी बाणवावी, हीच त्यांना खरी आदरांजली होय.