राजांसाठी गाडी, रेल्वेसाठी इंजिन

ताशी चारशे किलोमीटरचा वेग ओलांडणाऱ्या मोटारींची वर्णने अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. 2005 साली आलेल्या बुगाटी व्हेरॉनमध्ये 16 सिलिंडरांचे, 8 लिटरचे, 1001 अश्वशक्तीचे इंजिन होते. 2016 च्या शिरॉनमध्ये ती शक्ती 1500 वर गेली. आकडे दिपवणारे आहेत खरे. परंतु पावणेदोन टनांहून जड असलेली व्हेरॉन ज्यांचे नाव मिरवते, त्या एत्तोरे बुगाटी यांना हे गणित कितपत रुचले असते, असा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना पडल्यावाचून राहत नाही.

बुगाटी यांचा जन्म 1881 सालचा, मिलान शहरातला. वडील कार्लो हे लाकडी सामानाचे नामवंत कलाकार, तर धाकटा भाऊ रेंब्रांट पशुशिल्पांसाठी प्रसिद्ध. अशा घरातला हा मुलगा औपचारिक अभियांत्रिकी न शिकता सायकलीच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला आणि विशीतच त्याने स्वतःची मोटार बांधली. पुढे अल्सेस आणि कोलोन येथे इतरांसाठी आराखडे करून 1909 साली त्यांनी मोलशेम या गावी, रंगकामाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात, स्वतःचा उद्योग मांडला. मोलशेम तेव्हा जर्मनीत होते. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्समध्ये आले. माणूस इटालियन, कारखाना प्रथम जर्मन व मग फ्रेंच! या त्रांगड्याची किंमत त्यांना आयुष्याच्या अखेरीस मोजावी लागली.

1911 साली ल मां येथील शर्यतीत त्यांची जेमतेम 1.3 लिटरची चिमुकली गाडी दुसरी आली. तिच्या पुढे होती ती सुमारे 10 लिटर इंजिनाची फियाट. बुगाटींचे सारे तंत्र या एका निकालात दिसते. 1924 च्या ‘टाइप 35’ मध्ये ते पूर्णत्वास पोहोचले. दोन लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, वजन साडेसातशे किलोच्या आसपास. ॲल्युमिनियमची चाके ब्रेकच्या ड्रमसह एकसंध ओतलेली; त्यामुळे चाक काढताच ब्रेक हाताशी येई. पुढचा आस पोकळ, आणि कमानपाटे त्याच्या आरपार गेलेले. लियोंच्या पहिल्याच शर्यतीत टायरांनी दगा दिला, ही गोष्ट वेगळी. पुढे 1925 पासून सलग पाच वर्षे सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही खडतर शर्यत बुगाटींच्याच गाड्यांनी जिंकली.

त्याच काळात इंग्लंडात बेंटली यांच्या गाड्या गाजत होत्या. दणकट, अवजड, बुगाटीच्या दुपटीहून अधिक वजनाच्या. बुगाटी त्यांना मालट्रक म्हणून हिणवीत, अशी आख्यायिका आहे. टोमणा चुरचुरीत असला, तरी न्याय्य नव्हता. चोवीस तासांची ल मां शर्यत बेंटलीने 1927 ते 1930 अशी ओळीने चार वर्षे जिंकली. तिथे टिकाऊपणाला मोल होते. उलट 1930 साली पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बुगाटी पहिली आणि बेंटली दुसरी आली. कोणते यंत्र श्रेष्ठ, हे रस्ता आणि अंतर ठरवते. (पुढे 1998 साली ही दोन्ही नावे एकाच जर्मन कंपनीने विकत घेतली, हा काळाचा विनोद.)

आणि हलकेपणाच्या या उपासकानेच ‘रॉयाल’ बांधावी! पावणेतेरा लिटरचे इंजिन, तीन टनांच्या घरातले वजन, आणि नाकावर दिवंगत भावाच्या शिल्पावरून घडवलेला हत्ती. राजेमहाराजांसाठी अशा 25 गाड्या करण्याचा मनसुबा होता. झाल्या सहा, बाहेर विकल्या गेल्या फक्त तीन. 1929 ची मंदी आडवी आली हे खरे. पण ग्राहकाची ऐपत म्हणजेच मागणी असे समजणे, ही चूक मंदीच्या आधीची होती.

कारखाना तगला तो सामान्य प्रवाशाच्या पैशावर. रॉयालची इंजिने बुगाटींनी रेल्वेच्या स्वयंचलित डब्यांत बसवली. 1933 पासून ते फ्रेंच रुळांवर धावू लागले आणि 1934 साली त्यांपैकी एकाने ताशी 192 किलोमीटरचा वेग गाठला. राजांसाठी घडवलेल्या यंत्राचे गिऱ्हाईक अखेर रेल्वे ठरली!

बुगाटी कामगारांना कुटुंबीय मानत. 1936 साली फ्रान्सभर संपाची लाट उसळली, तेव्हा मोलशेमचे कामगारही त्यात उतरले. चाळीस तासांचा आठवडा आणि पगारी रजा फ्रेंच कामगारांना मिळाली ती त्या उन्हाळ्यात. बुगाटींना मात्र हा विश्वासघात वाटला, आणि कारभार मुलगा जाँ याच्यावर सोपवून ते पॅरिसला निघून गेले. त्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मालकाच्या मायेवर अवलंबून असलेली रजा ही रजा नव्हे, हे त्या कारागिरांना त्यांच्याहून अधिक उमगले होते.

त्यानंतर सारेच विपरीत घडत गेले. ऑगस्ट 1939 मध्ये, ल मां जिंकलेल्या गाडीची चाचणी घेताना, सायकलस्वाराला वाचवण्याच्या प्रयत्नात जाँचा मृत्यू झाला. युद्धात कारखाना जर्मनांच्या हाती गेला. युद्ध संपल्यावर फ्रेंच सरकारने तो ताब्यात घेतला, आणि तो परत मिळवण्यासाठी या इटालियन गृहस्थांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. 1947 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. त्याच वर्षी 21 ऑगस्टला त्यांचे निधन झाले. रॉयालच्या इंजिनांवर चालणाऱ्या त्या रेल्वेगाड्या मात्र 1950 नंतरही काही वर्षे तिकीट काढलेल्या उतारूंची ने-आण करीत होत्या.